उंधेऱ्याचे चार रकाने

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. सातवीत शिकणारी माझी कन्या एका संध्याकाळी गणिताची वही घेऊन समोर येऊन बसली. वर्गातील चाळीस मुलांपैकी किती जणांना पोहता येते, किती जणांना सायकल येते आणि किती जणांना दोन्ही येते, एवढे सांगून उरलेले रकाने भरावयास तिला सांगितले होते. शाळेच्या भाषेत या प्रकारास ‘द्विमार्गी वारंवारता सारणी’ असे भारदस्त नाव आहे. आम्हां कारकुनांच्या भाषेत ते एक साधे पत्रक. दोन आडव्या ओळी, दोन उभे रकाने, कडेला बेरजा, आणि आडवी व उभी बेरीज उजव्या कोपऱ्यात एकमेकींस भेटली की साहेबांच्या सहीस कागद तयार. अशी पत्रके करण्यात माझी बारा वर्षे गेली आहेत. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची याहून अधिक गेली असतील.

मुलीने रकाने दोन मिनिटांत भरले, बेरजेचा ताळा घेतला आणि विचारले, “बाबा, पण हे कळून करायचे काय?”

प्रश्न रास्त होता. कोपऱ्यातली बेरीज जुळण्यापलीकडे पत्रकाला काही सांगावयाचे असते, ही गोष्ट कचेरीत बसून माझ्याही ध्यानातून गेली होती. तिला उत्तर देण्यासाठी मला एक जुने पत्रक आठवले. ते ज्या गावाचे, ते गाव माझ्या सध्याच्या बदलीच्या ठिकाणापासून, म्हणजे बडोद्यापासून, अवघ्या सहा मैलांवरचे. पूर्वी हे गाव गायकवाडांच्या राज्यात होते. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव उंधेरा असे येते. १८९८ साली तेथे चार रकाने भरले गेले आणि ते भरण्यासाठी एकोणतीस माणसांचे प्राण खर्ची पडले. त्या चार रकान्यांची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे.

हकीकतीचा आरंभ मुंबईत होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी काही रोगी तपासले आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे निदान केले. आपल्या वृत्तपत्रांनी त्यास ग्रंथिक सन्निपात म्हटले. पुढचा इतिहास मराठी घरांना सांगावा लागत नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला (हाच कायदा २०२० साली पुन्हा आपल्या सर्वांच्या कामी आला), १० मार्चला पुण्यात रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. माझ्या पणजीने ते दिवस लहानपणी पाहिले होते. गाव सोडून शिवारातल्या झोपड्यांत राहणे, घराचे कौल उतरवून ऊन आत घेणे, या गोष्टी तिच्याकडून आजीने ऐकल्या व आजीकडून मी. त्या गोष्टींत एक वाक्य हटकून येई: “अमक्याने सुई टोचून घेतली, आणि तोच आधी गेला.”

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते खोटे नव्हते. टोचून घेतलेली माणसेही प्लेगने मरत होती.

ज्या लशीबद्दल हे बोलले जाई, ती करणारा वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याला प्रथम जागा मिळाली ती ग्रंथपालाची. तेथे त्याने पटकीची लस सिद्ध केली, ती घेऊन १८९३ साली तो कलकत्त्यास आला, आणि प्लेग सुरू झाल्यावर १८९६ च्या ऑक्टोबरात त्यास मुंबईस पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जी तोकडी जागा मिळाली, तीत त्याच्या दिमतीला एक कारकून व तीन शिपाई होते. जगातील पहिली प्लेगची लस एवढ्या आस्थापनेवर तीन महिन्यांत तयार झाली. त्या कारकुनाचे नाव कोणत्याही ग्रंथात मला आढळले नाही. व्यवसायबंधू म्हणून त्याची आठवण काढावीशी वाटली, एवढेच. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढवावयाचे, मग ऊन करून ते मारावयाचे व मेलेल्या जंतूंचे ते द्रव्य टोचावयाचे, अशी थोडक्यात कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ते प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतले.

महिना संपण्यापूर्वीच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील तीनशेंहून अधिक कैद्यांपैकी सुमारे दीडशे कैदी आपण होऊन टोचून घेण्यास पुढे आले. उरलेले, म्हणजे सुमारे पावणेदोनशे, तसेच राहिले. टोचणीच्या दिवशीच रोग अंगात दिसून आलेल्यांना दोन्ही बाजूंनी वगळले. त्यानंतर न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणीही नाही.

येथे संभाव्यतेचा पहिला प्रश्न उभा राहतो. लशीत काही अर्थ नसता, तर हे असे केवळ योगायोगाने घडण्याचा संभव किती? मुलीला समजावे म्हणून मी तिला नाणे काढावयास सांगितले. दोन्ही गट जवळजवळ सारखे मानू. चौदा माणसे आजारी पडली. लस निरुपयोगी असेल, तर प्रत्येक आजारी माणूस या गटातला की त्या गटातला, हे नाण्याच्या छाप्या-काट्यासारखेच झाले. नाणे चौदा वेळा उडविले तर छाप्या-काट्यांचे एकंदर क्रम १६,३८४ होतात. त्यांत छापा एकदाही नाही असा क्रम १, एकदाच आला असे १४, आणि दोनदा आला असे ९१. म्हणजे छापा दोनदा किंवा त्याहून कमी येण्याचे क्रम १०६. १६,३८४ ला १०६ ने भागले म्हणजे सुमारे दीडशेत एकदा. घडू शकते, परंतु क्वचित.

“मग लस खरी!” मुलगी म्हणाली.

योगायोगाचा संशय बराच कमी झाला, हे खरे. परंतु दुसरा एक संशय नाणे उडवून जाणारा नव्हता. टोचून घेण्यास पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी ही एकाच प्रकारची माणसे होती काय? जो पुढे आला तो कदाचित अधिक धडधाकट असेल. जो मागे राहिला तो आधीच अंगात कणकण भरल्यामुळे राहिला असेल. टोचलेले एका बराकीत व न टोचलेले दुसऱ्या बराकीत असतील, आणि मेलेले उंदीर दुसऱ्याच बराकीत सापडले असतील. पत्रकाच्या ओळीत माणसे कशी जाऊन बसली, हे पत्रक स्वतः सांगत नाही. आकडे बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा, असे होऊ शकते. कचेरीत ज्यांनी वर्षाअखेरची पत्रके केली आहेत, त्यांना हे फार फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

हाफकिनला हा दोष दिसत होता. कलकत्त्याच्या बस्त्यांत पटकीची लस टोचताना, एकाच घरात राहणाऱ्या टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांचीच तुलना करावी, असा त्याचा परिपाठ पडला होता. पाणी एक, अन्न एक, छप्पर एक. तोच विचार त्याने १८९८ च्या फेब्रुवारीत उंधेऱ्यास अधिक काटेकोरपणे अमलात आणला. गावाची वस्ती हजाराच्या आसपास होती आणि प्लेग गावात आला होता. घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करण्यात आले. पुरुषांपैकी निम्मे, बायकांपैकी निम्म्या, मुलांपैकी निम्मी, अशा बेताने जवळजवळ अर्धा गाव टोचला गेला व अर्धा तसाच ठेवला गेला. संस्थानी मुलखात हे काम संस्थानच्या कारभाऱ्यांच्या साहाय्यावाचून होणे शक्य नव्हते. त्या काळच्या बडोद्याच्या दप्तरांत मराठी माणसांचा भरणा किती होता, हे जाणणाऱ्यास त्या घरोघरच्या याद्या कोणत्या लिपीत लिहिल्या गेल्या असतील याची कल्पना करता येईल. कल्पनाच ती, पुरावा नव्हे.

सुमारे सहा आठवड्यांनी हाफकिन मद्रासच्या वैद्यकीय खात्यातील बॅनरमन यांच्यासह गावात पुन्हा गेला व झडती घेतली. अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला होता. ज्या घरांत रोग आलाच नाही ती बाजूला ठेवली, कारण जेथे धोकाच पोहोचला नाही तेथे संरक्षणाची परीक्षा कशी होणार? अठ्ठावीस घरांतील माणसे १३५. त्यांचे पत्रक असे:

टोचलेले: रोग झाला ८, रोग झाला नाही ६३, एकूण ७१.
न टोचलेले: रोग झाला २७, रोग झाला नाही ३७, एकूण ६४.
दोन्ही मिळून: रोग झाला ३५, रोग झाला नाही १००, एकूण १३५.

टोचलेल्या आठांपैकी तिघे मेले. न टोचलेल्या सत्ताविसांपैकी सव्वीस.

आता हे वाचावयाचे कसे? प्रथम कडेच्या बेरजा पाहाव्या. १३५ पैकी ३५ आजारी पडले, म्हणजे घरात प्लेग शिरल्यावर कोणाही एका माणसास रोग होण्याची संभाव्यता, तो कोण आहे हे ठाऊक नसताना, ३५ भागिले १३५, सुमारे शेकडा २६. टोचण्याचा काही परिणाम होत नसेल, तर हेच प्रमाण दोन्ही ओळींत उतरले पाहिजे. ७१ च्या शेकडा २६ म्हणजे अठरा-साडेअठरा आजारी टोचलेल्यांत, आणि साडेसोळाच्या आसपास न टोचलेल्यांत. प्रत्यक्षात आठ आणि सत्तावीस. अपेक्षा व घटना यांतील ही जी तफावत, तीच या पत्रकाची वाणी आहे. दोन्ही ओळींचे प्रमाण वेगवेगळे काढले तर टोचलेल्यांत रोगाची संभाव्यता शेकडा ११, न टोचलेल्यांत ४२. मृत्यूचे पाहिले तर शेकडा ४ आणि शेकडा ४१. कोपऱ्यातील १३५ हा आकडा यांपैकी काहीही सांगत नाही. जे सांगावयाचे ते आतले चार रकाने सांगतात, आणि तेही चारही एकत्र पाहिले तरच. पणजीच्या त्या वाक्यात यांपैकी एकच रकाना होता: टोचलेला, आणि रोग झालेला. उंधेऱ्यात त्या रकान्यात आठ माणसे होती. ती आठ माणसे गावभर चर्चेचा विषय झाली असतील. उरलेल्या त्रेसष्टांविषयी कोण कशाला बोलेल? ज्याला काही झालेच नाही, त्याची गोष्ट होत नाही.

नाण्याचा हिशेब येथे पुरेना. मग आम्ही चिंचोके घेतले. घरात वर्षाची चिंच नुकतीच फोडून झाली होती, त्यामुळे सौभाग्यवतीकडून १३५ चिंचोके मिळण्यास अडचण पडली नाही. त्यांपैकी ३५ चिंचोक्यांस चुना लावला, ते रोगी. सर्व एका डब्यात घालून खळखळ हलविले आणि मुलीने डोळे मिटून ७१ बाहेर काढले. हे टोचलेले, आणि आमच्या लशीत नुसते पाणी. चुन्याचे किती आले ते मोजावयाचे, पुन्हा सारे डब्यात, पुन्हा हलवावयाचे. पहिल्या खेपेस एकोणीस आले, मग सतरा, मग एकवीस. वीस खेपा केल्या. सर्वांत कमी चौदा आले, सर्वांत जास्त तेवीस. आठ एकदाही आले नाहीत. ते येण्यासाठी आम्हांला असे किती बसावे लागले असते, याचे गणित मी नंतर केले. दहा हजार खेपांत एकदा तरी आठ किंवा त्याहून कमी येतील की नाही, याची शंकाच आहे. एका खेपेस तीन मिनिटे धरली, तर आमच्या रविवारांची संख्या पुरेशी नव्हती.

चिंचोक्यांवरून एक विषयांतर करतो. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे धावत्या रथातून पाहून सांगतो, आणि नळ खाली उतरून ती मोजून पाहतो. बेहड्याच्या फळांनीच त्या काळी द्यूत खेळत. फाशांचे रहस्य आणि मोजणीचे रहस्य एकाच माणसाला ठाऊक होते, असे आपला आख्यानकार सांगतो, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. युरोपात संभाव्यतेचे शास्त्र १६५४ साली पास्काल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून उगवले असे म्हणतात, आणि तेथेही मूळ जुगाराचेच. जुगारातून निघून रोगराईकडे ते वळले तेव्हाच त्याला प्रतिष्ठा आली. असो.

आश्चर्य वाटेल, परंतु उंधेऱ्याचे पत्रक भरले गेले तेव्हा असे पत्रक वाचण्याची पद्धतशीर रीत विद्वानांपाशीही नव्हती. जॉर्ज उडनी यूल याचा गुणांच्या साहचर्यावरचा निबंध १९०० सालचा. त्याच वर्षी कार्ल पियर्सनने अपेक्षा व घटना यांतील तफावत योगायोगाच्या मानाने किती मोठी, हे मोजण्याचे माप दिले. त्या मापातही एक चूक राहून गेली होती. अशा चार रकान्यांच्या पत्रकात कडेच्या बेरजा ठरल्या की एकच रकाना स्वतंत्र उरतो, बाकीचे तीन आपोआप भरतात, ही गोष्ट हिशेबात धरण्याचे पियर्सनकडून राहिले. ती १९२२ साली रोनाल्ड फिशरने पुढे आणली. (माझी कन्या रकाने भरताना नेमके हेच करीत होती. एक आकडा मिळाला की बाकीचे वजाबाकीने.) आणि लस टोचण्याची पत्रके केव्हा ग्राह्य मानावी, याचा नीट विचार ग्रीनवुड व यूल या जोडीने केला तो १९१५ साली. त्यांच्या अटी थोडक्यात अशा की, दोन्ही गटांतील माणसे महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखी असावीत. रोगाशी त्यांचा संबंध सारखाच आलेला असावा. आणि कोणास टोचले हे ठरविण्याची कसोटी व कोणास रोग झाला हे ठरविण्याची कसोटी या एकमेकींपासून अलिप्त असाव्यात. भायखळ्याचे पत्रक पहिल्या अटीपाशीच अडखळते. उंधेऱ्याचे पत्रक, या अटी कोणी लिहून ठेवण्यापूर्वी सतरा वर्षे, पहिल्या दोहोंच्या बरेच जवळ गेले होते. तिसऱ्या अटीविषयी मात्र बोलता येते. झडती घेणारात लस करणारा स्वतः होता. मृत्यूच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण मेलेला माणूस कोणाच्याही मताने मेलेलाच असतो.

याच पत्रकावरून आणखी एक गफलत समजून घेण्यासारखी आहे. आडवे वाचणे निराळे आणि उभे वाचणे निराळे. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, हे झाले आडवे. आजारी पडलेल्या ३५ पैकी ८ टोचलेले होते, हे झाले उभे. पहिले शेकडा ११, दुसरे शेकडा २३. आकडा तोच आठ, परंतु भागावयाचा कशाने, यावर अर्थ बदलतो. उंधेऱ्यात दोन्ही गट सारखे असल्यामुळे उभे वाचूनही फारशी फसगत होत नाही. पण असे गाव कल्पावे की जेथे हजारांपैकी नऊशे जणांनी टोचून घेतले आहे व शंभर राहिले आहेत. उंधेऱ्याचीच प्रमाणे लावली तर टोचलेल्यांत सुमारे एकशे एक व न टोचलेल्यांत बेचाळीस आजारी पडतील. इस्पितळात जाऊन पाहणारास काय दिसेल? दर दहा रोग्यांत सात टोचलेले! त्याच १८९८ साली धारवाड जिल्ह्यातील हुबळीस बहुतेक सारे गाव टोचले गेले. तेथे उभे वाचणाराची स्थिती या मनुष्यासारखी झाली असती. आणि इतके मागे तरी कशाला जावे? २०२१ साली कचेरीच्या उपाहारगृहात मी हाच युक्तिवाद चहाच्या पेल्याबरोबर रोज ऐकत असे. बोलणारे पदवीधर होते. मीही पदवीधरच, आणि मलाही त्यांचे उत्तर तेव्हा सुचले नाही.

हाफकिनच्या आयुष्यात पुढे एक दुसरे पत्रक आले. ते इतके स्पष्ट होते की त्याला नाणे लागत नव्हते की चिंचोके. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतली होती. एका बाटलीतून १९ जणांना टोचले होते. ते एकोणीसही धनुर्वाताने मेले. उरलेल्या चार बाटल्यांतील ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. एका ओळीत १९ आणि ०, दुसरीत ० आणि ८८. दोष त्या बाटलीत होता, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु बाटलीत विष शिरले कोठे? परळच्या प्रयोगशाळेत, की गावात बाटली उघडताना? हे त्या पत्रकात नव्हते, आणि कितीही स्वच्छ पत्रक असले तरी असावयाचे नाही. त्यासाठी तिसरा रकाना लागतो: बाटली उघडली तेव्हा तिला कसला वास येत होता, कोणाच्या हातातून काय खाली पडले, ते उकळत्या पाण्यातून काढले की नुसते बुचकळले. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिनला परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद सोडावे लागले. बाटली उघडताना हातचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला, ही साक्ष कागदांतच होती. तिच्याकडे लक्ष वेधण्यास रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांना १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहावे लागले. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरला व पुन्हा हिंदुस्थानात आला, पण परळला नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेस त्याचे नाव १९२५ साली मिळाले. तो १९३० साली लोझान येथे वारला. पाच वर्षे मिसलीत पडून राहिलेला एक कागद माणसाचे काय करू शकतो, हे आमच्या पेशाच्या लोकांनी तरी विसरू नये.

या सर्व हकिकतीत माझे मन मात्र पुनःपुन्हा उंधेऱ्याकडे जाते, आणि तेथेही एकाच ओळीकडे: न टोचलेले ६४. पत्रकाच्या दृष्टीने ही ओळ अत्यंत आवश्यक आहे. ती नसती तर टोचलेल्यांतील आठ रोगी अधिक की कमी, हे कळण्यास मार्गच नव्हता. लस सर्वांना टोचली असती तर तुलनेस काही उरले नसते, कोणासच टोचली नसती तरीही नसते. तेव्हा कोणी तरी त्या ओळीत बसणे प्राप्त होते. तिच्यावर विसंबून पुढे लाखो लोकांनी दंड पुढे केला. हे सारे मला मान्य आहे. फेब्रुवारीत कोणाला ठाऊक होते की लस उपयोगी पडेल? ठाऊक असते तर प्रयोगाची गरजच नव्हती. हेही मान्य. तरीसुद्धा त्या अठ्ठावीस घरांत एकाच चुलीपाशी जेवणारी माणसे दोन ओळींत विभागली गेली, आणि काही आठवड्यांनी एका ओळीतून तीन व दुसरीतून सव्वीस तिरड्या निघाल्या, हे वाचताना आकड्यांवर डोळा ठरत नाही. आईला टोचले आणि मुलाला नाही, धाकट्याला टोचले आणि थोरल्याला नाही, असे तेथे झालेच असणार. विभागणीचा अर्थच तो.

मी हे मुलीला सांगणार नव्हतो. परंतु चिंचोके डब्यात भरता भरता तिनेच विचारले, “बाबा, आपण घरात चौघे. आजी, तुम्ही, आई आणि मी. मग कोणते दोघे?”

मी म्हणालो की पुरुष निम्मे, बायका निम्म्या, मुले निम्मी, असा तो बेत होता. ती म्हणाली की घरात मूल एकच आहे, त्याचे निम्मे कसे करणार? मी काही बोलण्याच्या आत आतून आजीचा आवाज आला, की मला मेलीला टोचून काय करायचे, पोरीला टोचा. मुलीने थोडा वेळ विचार केला. मग ती म्हणाली, “नाही, आजीने सांगून नाही चालणार. मग ते तुरुंगासारखे होईल. डोळे मिटूनच काढायला हवेत,” आणि चुन्याचा एक चिंचोका पलंगाखाली गेला होता, तो शोधण्यासाठी ती खाली वाकली.